देवळाला पाहुणे दाखवणारा बसाण्णा

आमच्या घरात भिंतीवर टांगलेली एकच वस्तू होती, ती म्हणजे आबांचा गोणपाट. आबा, माझे वडील, गुळाच्या पेठेत हमाल होते. गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, वाहून वाहून तो गोणपाट इतका चिकट झालेला असायचा, की चुकून जमिनीवर राहिला तर सकाळपर्यंत मुंग्या त्याला उचलून पुन्हा पेठेत नेतील असं वाटायचं. म्हणून तो खुंटीवर. दुसरं टांगायला काही नव्हतं.

आई प्लेगात गेली. सगळं कोल्हापूर तेव्हा घरं सोडून कळंब्याच्या माळावर झोपड्या घालून राहिलं होतं. आईला गाठ आली तसं तिला रोग्यांच्या छपरात नेलं. तिथं घरच्या माणसाला सोडत नसत. मी रांगत होतो. तिची तसबीर नाही, आणि आबा तिच्याविषयी कधी अवाक्षर बोलले नाहीत. शेजारणींच्या भाकरीवर मी वाढलो, महाराजांनी काढलेल्या बोर्डिंगात राहून शिकलो आणि बी.ए. झालो. आमच्या घराण्यात त्याआधी कुणाला सहीसुद्धा येत नव्हती. हे सांगताना मी आवाज खाली करत नाही.

बी.ए. झाल्यावर दरबारी पाहुण्यांची व्यवस्था बघणाऱ्या कचेरीत मी उमेदवार म्हणून लागलो, आणि त्या कामात मला बसाण्णा भेटला.

बसाण्णा अंबाबाईच्या देवळात पाहुण्यांना हिंडवायचा. निदान लोक तसं म्हणायचे. तो स्वतः म्हणायचा, देऊळ काय पळून चाललंय व्हय, दावायला? मी देवळाला पावणं दावतो.

आणि तो खरंच तसं करायचा. देवळाच्या बाहेरच्या अंगाला काळ्या दगडात बायका कोरलेल्या आहेत, लोक त्यांना योगिनी म्हणतात. कुणी नाचणारी, कुणी मृदंग वाजवणारी, कुणी नुसतीच उभी. बऱ्याच जणींची तोंडं कधीकाळी फुटलेली. बसाण्णा पाहुण्याला एकेकीसमोर नेऊन उभा करायचा, पाहुण्याचा चेहरा उजेडात येईल असा त्याचा खांदा धरून वळवायचा आणि दगडाला सांगायचा, "अक्का, हे पावणं. कोडोलीचं हाईत. गुळाचं गुऱ्हाळ हाय." मग कान देऊन थांबायचा. पाहुणा मूर्तीकडं बघायला लागला की म्हणायचा, "दमानं. तिला बघू द्या की." थोड्या वेळानं मान हलवायचा. "व्हय. बघितलं म्हनती." आणि पुढं.

शिवाय तो चालायचा तिरका. भिंतीकडं पाठ म्हणून करायचा नाही. पोरंटोरं त्याला खेकडा म्हणत. का असं चालतोस म्हणून विचारलं, तर शांतपणे सांगायचा, "पाठ फिरवली की त्या बोलत्यात."

माणूस मूळचा पार दक्षिणेकडचा, सीमेवरच्या एका लिंगायत घरातला. गळ्यात लिंग, कपाळावर भस्माचे पट्टे, बोलण्यात निम्मी अक्का आणि अव्वा. कोल्हापुरात त्याचं कुणी नव्हतं.

आता माझ्या अडचणीकडं येतो. माळव्यातल्या एका संस्थानातले दरबारी चित्रकार देऊळ बघायला यायचे होते. त्यांना मूर्तींची चित्रं काढायची होती. आमच्या शिरस्तेदारांनी मला बोलावलं आणि म्हणाले, देवळात हिंडवणारे तिघं आहेत, त्यांतला एक निवडा. तुम्ही बी.ए. आहात. पाहुणे खूश झाले तर कायम करावे म्हणून शेरा मारतो, नाहीतर तुमच्या वडिलांचा गोणपाट आहेच. हे त्यांनी हसत सांगितलं. कचेरीतले सगळे हसले. आमच्यातला माणूस त्या खुर्चीत पहिल्यांदाच बसत होता, आणि मी कधी पडतो याची वाट बघणारे पुष्कळ होते.

मी तिघांबरोबर एकेक फेरी करायची ठरवलं.

पहिले शास्त्रीबुवा. ते महाद्वारात उभे राहिले, त्यांनी डोळे मिटले आणि कृतयुगापासून सुरुवात केली. त्रेतायुगात माझ्या पायाला मुंग्या आल्या. द्वापारात मी खाली बसलो. कलियुग लागलं तेव्हा देवळाची नौबत झाली आणि बुवा उघड्या डोळ्यांनी जेवायला गेले. आम्ही महाद्वारातच होतो.

दुसरे दामूअण्णा. त्यांची फेरी एका श्वासाची. हा गरुडमंडप, ही देवी, हे तीर्थ, हा प्रसाद, या पुन्हा. मी भानावर आलो तेव्हा देवळाच्या पलीकडच्या दाराबाहेर होतो आणि माझ्या चपला अलीकडच्या दारात होत्या.

तिसरा बसाण्णा. दुपार टळत होती, गर्दी नव्हती. देवळाच्या त्या अंगाला बाहेर ऊन असलं तरी दगड गार असतो. कबुतरं घुमत होती, आणि आम्ही पहिल्या मूर्तीसमोर गेलो तशी ती सगळी का कुणास ठाऊक गप्प झाली. बसाण्णानं माझा खांदा धरून वळवलं. "अक्का, हे दरबारातलं हाईत. बी.ए. हाईत." मला हसू आलं होतं. पण त्या फुटक्या तोंडासमोर, आपल्याला कुणी न्याहाळतंय असं समजून उभं राहिल्यावर हसू टिकत नाही. ही गोष्ट करून बघितल्याशिवाय पटायची नाही.

तोंड फुटलेल्या प्रत्येकीचा चेहरा तो सांगायचा. हिच्या हनुवटीवर गोंदण, तीन ठिपके. हिच्या भुवईत खोक, लहानपणी जात्यावर पडली. हिचा पुढचा दात गेलेला, म्हणून बोलताना पदर तोंडावर. मी म्हणालो, बसाण्णा, ह्या योगिनी ना, यांच्या घरात जातं कुठलं? तो म्हणाला, "मग पीठ कुठनं यायचं?"

एक मृदंग वाजवणारी होती. तिच्यासमोर तो फार वेळ थांबला. मग हळू म्हणाला, "ही डावरी. डाव्या हातानं भाकरी थापायची. गळ्यावर भाजल्याली खून, हळदीच्या पानावानी. हसू आलं की तोंड भिंतीकडं फिरवायची." त्यानं पुन्हा कान दिला आणि माझ्याकडं विचित्र नजरेनं पाहिलं. "तुमच्याकडं लई बघाय लागलीया. का, ते सांगत न्हाय." मी म्हणालो, पुढं चला.

पुढं कोपऱ्यात एका मूर्तीच्या पायाशी पोरीएवढी लहान आकृती आहे. तिला डोकंच नाही. तिच्यापाशी बसाण्णानं स्वतःच्या डोळ्यांवर हात ठेवला आणि हिचा चेहरा न सांगताच पुढं सरकला.

माझं ठरलं होतं. शास्त्रीबुवा. कंटाळ्यानं कुणाची नोकरी जात नाही.

संध्याकाळी जेवताना मी आबांना तिन्ही फेऱ्यांची गंमत सांगितली. शास्त्रीबुवांची नक्कल केली तेव्हा ते हसले. दामूअण्णांच्या वेळी ठसका लागला. मग मी बसाण्णाची नक्कल केली. डावरी, भाकरी, गळ्यावर भाजल्याची खूण, हळदीच्या पानासारखी.

आबांचा घास हातातच राहिला.

"हळदीचं न्हवं," ते म्हणाले. "विड्याचं. आन् गळ्यावर न्हवं, कानाखाली."

मी म्हणालो, काय कानाखाली?

"तुज्या आईच्या."

चुलीतला जाळ खाली बसला. मग आबांनी माझ्या कचेरीच्या कामाविषयी जन्मात पहिला प्रश्न विचारला. त्यो चितारी पावणा कवा येनार हाय? मी सांगितलं. ते ताटाकडं बघत म्हणाले, "मला आता तिचं तोंड निम्मंच आठवतंय. निम्मं त्या मानसाकडं दिसतंय. त्येलाच ठेव. शास्त्र्याला नगं."

मी त्यांना माझी अडचण सांगितली. पाहुणे बिघडले तर शेरा बिघडेल, आणि हे पद गेलं तर माझ्यामागून येणाऱ्या पोरांनाही लोक दारातून परतवतील. त्यांनी ऐकून घेतलं. नुसतं एवढंच म्हणाले की हमाली त्यांना अजून होते. मग हात धुवायला उठले.

दुसऱ्या दिवशी मी शिरस्तेदारांना बसाण्णाचं नाव दिलं. ते म्हणाले, तो खेकडा? मी म्हणालो, होय. कारण? मी म्हणालो, पाहुण्यांना चेहरे काढायचे आहेत आणि चेहरे त्याच्याकडंच आहेत. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू खुंटीवरचा गोणपाट माझ्या खांद्याला मापून बघताहेत. मग म्हणाले, मी स्वतः येतो बघायला.

चित्रकार साहेब उंच, चष्मेवाले, घाईचे. सबंध देशातली देवळं बघून झालेली, तसं त्यांच्या चालण्यावरून कळायचं. बसाण्णानं त्यांचा खांदा धरून त्यांना वळवलं तेव्हा शिरस्तेदारांनी डोळे मिटून घेतले. "अक्का, हे पावणं. लई लांबचं. चितारी हाईत." साहेब मोठ्यानं हसले आणि मूर्तीजवळ जायला लागले. "दमानं. तिला बघू द्या की." साहेब थांबले. दुसऱ्या मूर्तीपाशी ते हसले नाहीत. तिसरीपाशी त्यांनी स्वतःच टोपी सारखी केली आणि न सांगता उजेडाकडं तोंड केलं.

मृदंगवालीपाशी आबा येऊन बसले होते. धुतलेला पटका, नवा सदरा. हमाल कुठं टेकताना अंग जसं सैल सोडतो तसे नव्हे. दुसऱ्याच्या घरी पाहुणा म्हणून बसावं तसे.

शिरस्तेदार माझ्या कानाशी म्हणाले, हे कोण? मी म्हणालो, माझे वडील. ते काही बोलणार तेवढ्यात बसाण्णानं डावऱ्या बाईचं वर्णन सुरू केलं, आणि आबा मधेच म्हणाले, विड्याचं पान. बसाण्णा म्हणाला, हळदीचं. आबा म्हणाले, "पावणं, मी तिचा नवरा हाय."

कबुतरं पुन्हा गप्प झाली होती. बसाण्णा आबांकडं बघत राहिला, मग दगडाकडं, मग माझ्याकडं. "आस्सं," तो मूर्तीला म्हणाला. "तरीच म्हनलं, ह्या पोराकडं लई येळ का बघत हुतीस."

साहेबांनी कागद काढला. मग आबा आणि बसाण्णा भांडायला लागले. खळी डावीकडं. न्हाय, उजवीकडं. नाक थोडं बसकं. कपाळ मोठं, पर कुकू त्याहून मोठं. साहेब पुसायचे, पुन्हा काढायचे. डोळ्यांवर दोघांचं एकमत झालं, आणि ते डोळे कागदावर उतरले तेव्हा शिरस्तेदार एक पाऊल मागं सरले. ती नजर मी ओळखली. मागच्या खेपेला मी तिच्यासमोर उभा होतो.

साहेबांनी बसाण्णाला विचारलं, तुम्हाला ही कशी माहीत?

बसाण्णा खाली बसला. "रोग्यांच्या छपरात पानी घालायला मी हुतो. दुसरं कुनी यीत न्हवतं. ही आजारी पडायच्या आदी मला भाकरी द्यायची. ह्या समद्या तिथल्याच. मरताना दाराकडं बघत हुत्या की आपलं मानूस येतंय का. कुनाला आत सोडत न्हवतं. मग मी काय करनार. आता येकेक मानूस आनतो, दावतो. कुनाचं तरी असंल की."

मग साहेबांनी कोपऱ्यातल्या त्या बिनडोक्याच्या लहान आकृतीकडं बोट केलं आणि हळूच म्हणाले, हिचंही सांगा, काढतो.

"ती माजी लेक," बसाण्णा म्हणाला. "तिचं कसं सांगू? जल्मली तिकडं गावाकडं, मी हितं. त्याच सालात त्याच रोगानं गेली, तवाबी मी हितंच पानी घालत हुतो. तिला बघितलंच न्हाय." मग जरा थांबून म्हणाला, "तिथंबी असंलच की कुनीतरी, पानी घालनारं."

त्यानं उठून धोतर झटकलं आणि पुढच्या मूर्तीकडं निघाला. फेरी अजून संपली नव्हती. आम्ही सगळे त्याच्यामागून गेलो, आणि महाद्वार येईपर्यंत साहेब, शिरस्तेदार, आबा आणि मी, चौघंही तिरके चालत होतो.

साहेब आणखी बरेच दिवस राहिले आणि रोज बसाण्णालाच बोलावून घेत. शिरस्तेदारांनी शेरा मारला. त्या दिवसाविषयी ते कचेरीत कधी बोलले नाहीत, आणि गोणपाटाविषयीही नाही. दरबारच्या पाहुण्यांना हिंडवायचं काम बसाण्णाकडं आलं, ते त्याचे पाय चालत होते तोवर त्याच्याकडंच राहिलं. तो गेला त्या वर्षी मी देवळात जाऊन त्या लहान आकृतीसमोर उजेडाकडं तोंड करून उभा राहिलो. मला काही ऐकू आलं नाही. तरी मी दमानं थांबलो.

मी कचेरीत कायम झालो. आबांनी हमाली सोडली. गोणपाटाची खुंटी रिकामी झाली, आणि तिथं आता माझ्या आईची तसबीर आहे.