एक सही सौजन्याची

लाँड्रीच्या मॅनेजर मॅडमनी सकाळी सकाळी टेबलावर एक छापील फॉर्म ठेवला आणि व्हॅनच्या ड्रायव्हरला खुर्चीत बसायला सांगितलं. बारा वर्षांत मॅडमनी त्याला कधी 'बस' म्हटलं नव्हतं, त्यामुळे तो खुर्चीच्या कडेवरच टेकला.

ड्रायव्हरला सगळे भोंगा म्हणत. हे नाव काही लाडाने पडलेलं नव्हतं. हॉटेलांच्या धुतलेल्या चादरी पोचवताना रस्त्यात सायकलवाला दिसला, की त्याचा हात हॉर्नवर जाई आणि तोंड खिडकीबाहेर. घरी मात्र बायकोसमोर तो ब्र काढत नसे. तिथला साठलेला माल बहुधा रस्त्यावर खपत असावा.

"या महिन्यात सायकलवाल्यांच्या तीन तक्रारी आल्यात," मॅडम म्हणाल्या. "आज पाचच्या आत एका सायकलवाल्याची यावर सही आणायची. 'चालक माझ्याशी सौजन्याने वागले.' नाही आणलीस, तर व्हॅनची किल्ली या टेबलावर."

व्हॅन म्हणजे भोंग्याचा जीव. त्या सीटवर बसलं की सगळं जग दोन फूट खाली दिसे, आणि ही सवय एकदा लागली की सुटत नाही. सही आणणं भागच होतं.

पहिला भेटला तो खांद्यावर पाइप घेतलेला प्लंबर. भोंग्याने त्याला ओव्हरटेक केलं नाही, हॉर्न दिला नाही, गुपचूप मागे मागे जात राहिला. प्लंबरने तीनदा वळून पाहिलं, तीनदा हाताने 'जा बाबा पुढे' अशी खूण केली. भोंगा नुसता गोड हसला. एवढी मोठी व्हॅन हसत हसत मागे लागलेली बघून प्लंबरने पाइप टाकले आणि सायकलसकट बागेत घुसला.

"अहो, सही!" भोंगा फॉर्म फडकवत ओरडला. मग खाली उतरून त्याने पाइप कुंपणाला नीट टेकवून ठेवले. पण पाइपांच्या सहीला कोण विचारतो?

दुसऱ्या सायकलवाल्याने "भाऊ, माझं काय चुकलं?" म्हणत हात जोडले आणि सटकला. तिसऱ्याने थेट व्हॅनचा नंबर लिहून घेतला. असे करता करता साडेतीन वाजले. तेव्हा चौकात सायकलवरून ग्रंथालयातल्या बाई आल्या. भोंग्याने करकचून ब्रेक दाबला.

"आधी तुम्ही, बाई!"

बाईंनी पाय खाली टेकवला. "नको. तुम्ही जा."

"छे छे, तुमचा मान पहिला."

"मागच्या मंगळवारी इथंच तुम्ही मला सायकल भंगारात घालून घरी बसायला सांगितलं होतंत."

"ते... काळजीपोटी हो."

"तुम्ही दिसेनासे झालात, की मी निघेन."

मागे गाड्यांची रांग लागली. हॉर्न वाजू लागले. भोंग्याचं डोकं फिरलं. तो खिडकीतून अर्धा बाहेर आला.

"ए! दिसत नाही का? सौजन्य चाललंय इथं! उतरून शिकवू का एकेकाला?"

घाबरून बाईंनी जोरात पेडल मारलं आणि चेन निसटली. भोंग्याला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. भर चौकात बसून त्याने चेन चढवली, काळे हात व्हॅनमधल्या एका पांढऱ्याशुभ्र चादरीला पुसले आणि फॉर्म पुढे केला.

"एवढी सही करा, बाई. नाहीतर माझी व्हॅन जाते हो." त्याचा आवाज खरोखरच रडवेला झाला होता.

बाईंना दया आली. त्यांनी सही केली. पण सहीखाली 'शेरा' असा एक रकाना होता, आणि तीस वर्षं पुस्तकांच्या नोंदी केलेल्या बाईला रिकामा रकाना बघवत नाही. त्यांनी तोही भरला.

पाचला दहा कमी असताना मॅडमनी फॉर्म मोठ्याने वाचला. "चालक माझ्याशी सौजन्याने वागले. कृपया त्यांना पुन्हा असं वागू देऊ नये."

दिवसभरात फोनवर आलेल्या अकरा तक्रारींचे कागद मॅडमनी शांतपणे शेजारी ठेवल्या. त्यांच्यावर काळी झालेली चादर ठेवली. मग हात पुढे केला. व्हॅन दुसऱ्या ड्रायव्हरकडे गेली, आणि भोंग्याला जवळपासची गाठोडी पोचवायला लाँड्रीची जुनी सायकल मिळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅरिअरवर गाठोडं बांधून तो निघाला. थोड्या वेळाने मागे ओळखीचं इंजिन ऐकू आलं. व्हॅन पुढे जाईना, हॉर्न देईना, नुसती मागे मागे येत राहिली. भोंग्याने वळून पाहिलं. नवा ड्रायव्हर गोड हसत होता, आणि खिडकीतून एक फॉर्म फडफडत होता.

"दादा, आधी तुम्ही!"

भोंगा सीटवरून उठून जीव खाऊन पेडल मारायला लागला आणि समोर दिसलेल्या पहिल्या बोळात घुसला. बोळाच्या मध्यावर ग्रंथालयातल्या बाई आपल्या सायकलला टेकून उभ्या होत्या. त्याला बघून त्यांनी सायकल जरा बाजूला घेतली.

"या," त्या म्हणाल्या. "इथं व्हॅन शिरत नाही."