मेलेल्या धनेशाच्या खेपा

एका जंगलात, बाळांनो, दोन डोंगर होते आणि मधे एक दरी. अलीकडच्या डोंगरावर उंबरं पिकायची आणि पलीकडच्या डोंगरावर पक्ष्यांची घरं होती. त्यामुळे दिवसभर दरीवरून नुसती ये-जा. ए मागच्या, मोबाइल खाली ठेव आणि ऐक.

एकदा वादळात दोन पारवे हवेतच एकमेकांवर आपटले. सिंहमहाराज फार हळहळले. त्यांनी तडकाफडकी हवाई वाहतुकीचा तज्ज्ञ बोलावला. तो निघाला कासव. डॉक्टर कमठे.

"उडण्याचा अनुभव?" महाराजांनी विचारलं.

"मुळीच नाही. वादळ आलं की मी पाय आत घेतो," कमठे म्हणाले.

"वा! म्हणजे डोकं शांत राहील. नेमणूक पक्की!"

कमठ्यांनी मॉडेल तयार केलं. वाळूचे दोन ढीग, ते डोंगर. मधे एक पळसाचं पान, ती दरी. पानावर वीस चिंचोके, ते पक्षी. प्रत्येक पक्ष्याच्या नावाचा एक चिंचोका. मग कमठे तोंडाने फुंकर मारायचे, ते वादळ. चिंचोका हलला की त्या पक्ष्याचं उड्डाण स्थगित. पानाखाली पडला की पक्षी वारला.

कमठे मोठे कामसू. सकाळपासून फुंकायला बसायचे.

आता गुणाजी धनेशाची गोष्ट ऐका. धनेशाची बायको पिल्लांसाठी ढोलीत बसते आणि दार आतून लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवते. नवरा आणेल तेच खाते. गुणाजीची शेवंती अशीच दोन पिल्लं घेऊन बसली होती, आणि त्या दिवशी उन्हं डोक्यावर आली तरी गुणाजीची एकही खेप झाली नव्हती. चोचीत उंबरं, त्यामुळे बिचाऱ्याला भांडताही येईना. शेवटी त्याने उंबरं खाली ठेवली.

"डॉक्टरसाहेब, आभाळ बघा की! औषधालाही ढग नाही."

"वर काय बघता? खाली बघा. मॉडेलमध्ये वादळ आहे."

"अहो, बायको उपाशी आहे माझी! पिल्लं चोची उघडून बसलीत!"

"वाईट वाटतं हो. पण ती माझ्या पानावर नाहीत."

हसू नकोस गं. दुसऱ्याच्या घरावर फुंकर मारायला काय जातं?

गुणाजीचं टाळकं सटकलं. त्याने उंबरं उचलली आणि उडाला. कमठ्यांनी घाबरून जोरात फुंकलं. गुणाजीचा चिंचोका टपकन पानाखाली.

गुणाजी सुखरूप पलीकडे पोहोचला. शेवंतीने फटीतून आधी उंबर घेतलं, मग विचारलं, "कुठं उलथला होतात?" त्याला एवढं बरं वाटलं की तो रडलाच.

संध्याकाळी परत येतो तर इकडे त्याचीच शोकसभा.

"अहो, मी जिवंत आहे!" गुणाजी ओरडला.

"तुमच्या भावना पोहोचल्या," कमठे म्हणाले. "पण मॉडेल तसं म्हणत नाही." आणि चिंचोका पुरून टाकला.

दुसऱ्या दिवशीही कमठे फुंकत होते. एकोणीस पक्षी फांदीवर ताटकळले होते. गुणाजी मात्र खुशाल खेपा मारत होता. अडवणार कसं? पानावर त्याचा चिंचोकाच नव्हता.

दुपारी रांग लागली. "साहेब, जरा दम लावून फुंका, आम्हालाही मारा!" एका साळुंकीने तर स्वतःचा चिंचोका पायानेच ढकलला. संध्याकाळपर्यंत पान रिकामं झालं. सगळे मेले आणि वेळेवर घरी पोहोचले.

आठ दिवसांनी खरं वादळ आलं. ढग दिसताच गुणाजीने चार खेपा जास्त मारून ठेवल्या. मग वीसही मयत पक्षी मुकाट झाडांत बसून राहिले. उडाले ते वाळूचे डोंगर.

"एवढं मोठं वादळ आणि एकही उड्डाण रद्द नाही!" महाराजांचा ऊर भरून आला. कमठ्यांना शाल आणि नारळ मिळाला. त्यांनी पाय आत घेऊन सत्कार स्वीकारला.

तात्पर्य : जगायचं असेल तर आधी तज्ज्ञांच्या लेखी मरून घ्यावं. मग आभाळाकडे बघायला कुणी मनाई करत नाही.