लहानूबाबा एकदम फिट!

साहेब लोकांना खूश कसं करायचं, हे साक्षीला पक्कं ठाऊक होतं. पोरगी नववीतली. गेल्याच महिन्यात तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आली होती, आणि तेव्हापासून आपल्याला जमणार नाही असं जगात काही उरलेलंच नाही, असं तिचं ठाम मत!

राजुऱ्याच्या वेशीवरचा अंजनाबाईंचा वृद्धाश्रम तिच्या घराला लागूनच होता. आज तिथं सरकारी तपासणी होती. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांसाठी सरकार मदतनिसाचा पगार देतं. तो चालू ठेवायचा की बंद करायचा, ते साहेब बघून ठरवणार. आश्रमात मदतनीस एकच, कांताबाई. उचलणं, न्हाऊ घालणं, भरवणं, सगळं तिच्या दोन हातांवर. पगार बंद म्हणजे कांताबाई बंद!

"मी चिवडा घेऊन येतो," अंजनाबाई बाजाराला निघताना म्हणाल्या. "सायेब लवकर आलेच, तर जसं हाये तसं दाखवजो."

जसं आहे तसं? साक्षीला हसूच आलं. शाळेत तपासणी आली की कोणी जसं आहे तसं दाखवतं का? भिंतींना चुना लागतो, ढ पोरं मागच्या बाकावर जातात, उत्तरं आठवडाभर आधी घोकून घेतात!

कांताबाई मागं चादरी धूत होती. साक्षीनं कंबर कसली.

मुखरूआबाजी तरुणपणी झाडीपट्टीच्या नाटकांत राजा व्हायचे. आता दोन वर्षांपासून पाय निर्जीव. सकाळच्या उन्हाला कांताबाईनं त्यांना खुर्चीत बसवलं होतंच. साक्षीनं खुर्चीवर अंजनाबाईंचा शालू टाकला, आबाजींना पावडर फासली, काजळानं मिशा काळ्या केल्या. खातूनबीला दिसत नव्हतं, तिच्या हातात पेपर दिला. राहिले लहानूबाबा. त्यांना सकाळचं दुपारी आठवत नसे.

"बाबा, कोणी काईबी विचारलं तरी म्हणायचं, एकदम फिट!"

"एकदम फिट!" बाबा म्हणाले. आणि काय चमत्कार, ते त्यांच्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं!

दुर्गे साहेब अर्धा तास आधीच आले.

"बाबा, जेवलात?"

"एकदम फिट!"

"रात्री उठून बाहेर निघून जाता म्हणे?"

"एकदम फिट!"

खातूनबी पेपर वाचत होती, उलटा. आबाजींनी तर असा खणखणीत संवाद फेकला की छपरावरची माकडं पळाली. साहेब प्रसन्न झाले.

"वा! सगळे धडधाकट आहेत. इथं मदतनिसाची गरजच नाही."

साक्षीचा चेहरा मोहफुलासारखा टपकन गळला!

"नाई नाई साहेब! ह्यायले काईच येत नाई! आबाजी तर उठूबी शकत नाई!"

"कोण उठू शकत नाई?" आबाजी गरजले.

"आबाजी, पाया पडतो तुमच्या, जरासे बिमार पडा ना!" ती कानात पुटपुटली.

"हट! बिमार बुढ्याचं काम मी जिंदगीत नाई केलं. मी हिरो हावो!"

साहेब हसले. "चला महाराज, मग फाटकापर्यंत सोडा मला." त्यांनी प्रेमानं आबाजींचा हात ओढला, आणि राजा सिंहासनासकट साहेबांच्या अंगावर आला!

कांताबाई ओल्या हातांनीच धावत आली. "हात काऊन ओढला? कमरेत धरून उचला लागते त्यायले!" तिनं आबाजींना धानाच्या पोत्यासारखं अलगद उचललं. साहेब मात्र उठेनात. त्यांची कंबर गेली होती. फोन आबाजींच्या खाली चपटा झाला होता. साहेबांना रिकाम्या खाटेवर टाकलं.

तेवढ्यात साहेबांचा ड्रायव्हर फाटकात आला. तिथं लहानूबाबा बसले होते.

"काय बाबा, साहेबांचं कसं चाललंय?"

"एकदम फिट!"

ड्रायव्हर निवांत सासुरवाडीला जेवायला गेला!

अंजनाबाई परतल्या तेव्हा साहेब खाटेवर विव्हळत होते.

"कांताबाई, जरा कूस वळवता का?"

"थांबा, आबाजीले पाणी पाजून येतो."

"कांताबाई, मला जरा... तिकडं जायचं होतं..."

"नंबरानं सायेब! आधी खातूनबी."

साहेबांनी तोंड चादरीत लपवलं. शेजारच्या खाटेवरून आबाजी हळूच म्हणाले, "लाजू नका सायेब. पयल्या दिवशी मलेबी लय लाज वाटली होती." काजळाची मिशी गालापर्यंत ओघळली होती.

ड्रायव्हर ढेकर देत उगवला, तेव्हा साहेबांनी पडल्या पडल्या शेरा लिहिला: मदतनिसाची नितांत गरज. एक पुरत नाही.

कांताबाईची नोकरी वाचली! साक्षीनं ते स्वतःच्याच खात्यावर जमा केलं. अंजनाबाईंनी मात्र तिचा कान धरला. "आता लहानूबाबाले खरं बोलाले शिकव. तीच तुयी शिक्षा."

आठवडाभर घोकंपट्टी चालली. जुनं वाक्य गेलं, साहेबांपुढं म्हणायचं नवं बसलं. साक्षी सगळ्यांसमोर ऐटीत उभी राहिली.

"सांगा बाबा, साक्षी कशी पोरगी आहे?"

लहानूबाबांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले,

"हिले मदतीची लय गरज हाये, सायेब!"