पाळण्यातला इतिहास

"काका, फक्त हार घालायचा. इतिहास नको, टाइम नाहीये," बाळाजीकाकांच्या कॉलरला माइक लावत सुजित म्हणाला. उत्सव समितीचा तो अध्यक्ष. "हार घातला की जयघोष द्या, बस."

काकांचा चेहरा पडला. बेलवलीजवळच्या त्या चौकात छत्रपतींचा अश्वारूढ पुतळा ज्यांनी आणला, त्यांच्यापैकी आता ते एकटेच उरले होते. तो कसा आला, हे एकदा तरी चारचौघांत शेवटपर्यंत सांगावं, एवढीच त्यांची इच्छा. पण घरी गोष्ट काढली की अंजनीकाकूंना कुकर आठवायचा, आणि बाहेर काढली की लोकांना घर.

दरवर्षीप्रमाणे हारासाठी रस्त्यावरचे दिवे दुरुस्त करायची गाडी आली होती. ड्रायव्हर जितेशने काकांना तिच्या पाळण्यात उभं केलं आणि खटका ओढला. पाळणा थेट महाराजांच्या चेहऱ्यासमोर जाऊन जो थांबला, तो थांबलाच. गाडीने मान टाकली होती.

काकांनी खाली पाहिलं आणि पाळण्याचा कठडा घट्ट धरला. "अरे, उतरव मला. गरगरतंय," असं भोंग्यातून अख्ख्या चौकाला ऐकू आलं.

"काका, खाली नका बघू. महाराजांकडे बघा," बॉनेटमध्ये डोकं घालत जितेश ओरडला.

काकांनी पाहिलं. इतक्या जवळून ते महाराजांना ट्रकवरच भेटले होते. तीच करारी, तरी मायेची नजर. भीती कुठल्या कुठे पळाली आणि काकांचं तोंड सुटलं.

"महाराज, शहाडहून निघालो आपण, आठवतंय? कॅम्प चारमध्ये, त्या सिंधी निर्वासितांच्या वस्तीत, तुमची तलवार वायरींना लागायला लागली. मी बांबूनं वायरी उचलतोय, तरी जमेना. मग टायरची हवा काढली. तलवार सुटली, पण ट्रक बसला. हवा भरावी, तर पुढच्या खांबाला परत वायर."

सुजित माइक बंद करायला धावला. "ऐकू दे ना यार," म्हणत पोरांनीच त्याला खाली बसवलं.

"तेवढ्यात एक सिंधी शेठ दुकानातून उतरले. चपला काढल्या, ट्रकला बांधलेला दोर धरला. म्हणाले, 'हम भी सब छोड़के आए थे. राजा को रास्ते में नहीं छोड़ेंगे.' बघता बघता गल्लीच्या गल्ली दोराला लागली. अंबरनाथला आमची माणसं दोर घ्यायला उभी, तर ते सोडेनात. शेवटी सगळ्यांनी मिळून ओढत इथवर आणलं. महाराज, तुम्ही इंजिनावर नाही, माणसांच्या हातांनी आलात."

काकांनी हळूच हार घातला. मग जो जयघोष झाला, त्याला माइकची गरज पडली नाही.

पाळणा अलगद खाली आला. "कधी दुरुस्त झाली रे?" काकांनी विचारलं.

"मघाशीच. तुम्ही कॅम्प चारमध्ये होता तेव्हा," जितेश हसला. "उतरवतच होतो, पण काकूंनी चावी काढून घेतली. आत्ता कुठे दिली."

काकांनी वळून पाहिलं. अंजनीकाकू पदराने डोळे पुसत उभ्या होत्या.

"इतकी वर्षं माझे महाराज कॅम्प चारमध्येच अडकून पडलेले," त्या म्हणाल्या. "म्हटलं, आज ते चौकात पोचल्याशिवाय तुम्हाला उतरू द्यायचं नाही."