कैफियत अणूच्या खिरापतीची

श्रीगजाननचरणी मस्तक ठेवोन, शके अठराशे एकोणसाठ, ईश्वरनाम संवत्सर, आश्विनमासी जयेंद्रगंजच्या कन्याशाळेत अणूपायी जे तुंबळ युद्ध जाहले, त्याची हकीकत यथामति लिहितो. लिहिणार शाळेचा कारकून, गणितात दोनदा गारद; सबब आकडे विचारू नयेत.

शामलाबाई नामे पंडिता पुण्याहून शास्त्राची पदवी जिंकोन लष्करात (म्हणजे त्या नावाच्या आमच्या शहरात, फौजेत नव्हे) दाखल जाहल्या आणि मुलींकरिता शास्त्राचा वर्ग घातला. सरंजाम म्हणावा तर एक लोहचुंबक, तोही दम गेलेला. तरी बाईंनी हिंमत धरोन फळ्यावर अणूची वंशावळ मांडिली. विलायती पंडितांची नावे मुलींच्या जिभेस वळेनात, मग ज्याचे जे गाव तेच त्याचे आडनाव, ऐसे ठरले. थोरल्या मँचेस्टरकरांचे मते अणू म्हणजे घट्ट गोटी, फुटता फुटणार नाही. तिचा अंमल नव्वद वर्षे चालला. मग केंब्रिजकरांनी आतून विजेचे कण काढिले आणि अणू म्हणजे चारोळ्या पेरलेला लाडू, ऐसे ठरविले. मग धाकट्या मँचेस्टरकरांकडील मंडळींनी सोन्याच्या वर्खावर सूक्ष्म गोळ्या झाडिल्या, त्या बहुतेक आरपार गेल्या आणि एखादीच उलट फिरोन आली. तेव्हा लाडू बुडाला, आणि अणू अवघा पोकळ, मध्ये इवलासा गाभा, ऐसे निघाले. मग कोपनहेगनकरांनी कणांस गाभ्याभोवती ठरीव फेर आखून दिले, बाहेरल्या फेरातून आतल्या फेरात कण उतरला की प्रकाश पडतो ऐसे सांगितले, आणि मुलींस हे सर्व तोंडपाठ जाहले.

इतक्यात इंदरगंजाहून शिक्षणखात्याचे तपासनीस, राजमान्य राजश्री तात्यासाहेब, वर्गावर चालून आले. फळा पाहोन फर्माविले की, जी वस्तू कोणी डोळ्यांनी पाहिली नाही ती मुलींस शिकविणे नाही. दसऱ्यापासून वर्ग मोडावा आणि त्या तासास विणकाम घ्यावे. हुकमामागोमाग लोकरीचे गठ्ठेही उतरले. शामलाबाई हुकूम वाचोन खुर्चीत बसल्या आणि रडल्या. लपवावे कशास, आम्हीही उपरण्याने डोळे टिपले. विमल नामे त्यांची शिष्या, तिला डॉक्टरीण व्हावयाचे होते. वर्ग मोडता तिची वाटच खुंटत होती.

परंतु विमल बहुत धोरणी. तात्यासाहेब पाच बहिणींत वाढलेले, आणि भोंडल्याची खिरापत डबा न उघडता, नुसता हलवोन ओळखण्यात त्यांचा हात धरणारा अवघ्या लष्करात नाही, हे तिने हेरिले. मग मसलत होऊन साहेबांस शाळेच्या भोंडल्याचा खलिता गेला, आणि साहेब जातीने आले. वर्गातच, त्या फळ्यासमोर, मध्ये पाटावर हत्ती मांडिला, भोवती शत्रूच्याच लोकरीची तीन रिंगणे घातली, आणि मुलींनी फेर धरिला. बाहेरल्या रिंगणातून आतल्या रिंगणात उतरणारीने टाळी वाजवावी, ऐसा दंडक होता. कोपनहेगनकरांचा प्रकाश म्हणतात तो हाच.

मग जडशीळ पितळी डबा साहेबांच्या हाती दिला. साहेबांनी तो तोलला आणि बोलले, “गच्च आहे. गुळाची ढेप.”

“नाही साहेब. अजून हलवून बघा ना!” विमल म्हणाली.

साहेबांनी कान लावोन हलविला. बारीकसा टक् जाहला. “लाडू! त्याच्या चारोळ्या सुटल्यात.”

“नाही.”

साहेब इरेस पेटले. डबा उभा, आडवा, उलटा, सर्व अंगांनी झुलविला, आणि त्यांचे डोळे विस्फारले. “अरे, ये तो पूरा खाली है! आत एकच चिमुकली वस्तू. बेदाणा!”

शामलाबाई हळूच बोलल्या, “पण साहेब, आपण पाहिलाय कुठं?”

“पाहायला कशाला पाहिजे? हलवलं की समजतंच!”

शब्द तोंडाबाहेर पडला आणि किल्ला पडला. साहेबांनी फळ्याकडे पाहिले. ढेप, लाडू, पोकळी. ज्या वाटेने मँचेस्टरकर गेले त्याच वाटेने आपण आलो, हे ध्यानी येऊन ते मोठ्याने हसले. तत्क्षणी दौत मागवोन वर्गास एक साल मुदत लिहिली, आणि डबा उघडोन आतील बेदाणा विजयाने तोंडात टाकिला.

तोच कटकन् दाताखाली बी आली. बेदाणा म्हणजे बिनदाण्याचा. परंतु इंदरगंजच्या वाण्याने मुलींच्या हाती मनुका दिली होती! साहेब बी तळहातावर घेऊन पाहत राहिले.

“गाभ्याच्या आतही काही आहे म्हणतात, साहेब,” विमल म्हणाली.

साहेबांनी पुन्हा दौत ओढली. मग ‘एक साल’ खोडोन त्यांनी लिहिले: आत काय काय आहे हे पुरते कळेतोवर वर्ग चालू ठेवणे.

येणेप्रमाणे फत्ते जाहली, ती शाळेचे दप्तरी नमूद केली असे. बी शास्त्राच्या कपाटात लोहचुंबकाशेजारी ठेविली आहे. ती अद्याप कोणी फोडलेली नाही.