चालत्या गाडीची तपासणी

गाडी घरी आली ती स्वतःच्या चाकांवर चालत आली, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. पुढचं ऐकून लोकांना वाटतं की साहेबांनी भंगार विकत घेतलं होतं. तसं अजिबात नव्हतं. गाडी जुनी होती, साहेबांच्या लग्नाच्या आसपासची, पण मागच्या भागात दोन माणसांना झोपायला फळ्या, छोटासा ओटा, पाण्याची टाकी, पडद्यांच्या दांड्या, सगळं जागच्या जागी होतं. विकणाऱ्याने ती फाटकातून आत आणली, अंगणात उभी केली, किल्ली साहेबांच्या हातात दिली आणि तो आपल्या वाटेने गेला.

साहेबांच्या बायकोने, जिला सगळे मित्र वहिनी म्हणत, गाडीभोवती एक फेरी मारली. आत जाऊन फळीवर आडवं पडून पाहिलं. बाहेर आल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "उद्या सकाळी निघू या?"

त्यांना घाई होती, आणि ती खरी होती. तळ्याकाठचं त्यांचं माहेरचं घर विकलं गेलं होतं. तिथे त्यांची थोरली बहीण, ताई, एकटीच राहत होती. उन्हाळा सरला की ती नव्या मालकाला किल्ल्या देणार आणि मुलाकडे राहायला जाणार होती. त्याआधी चार दिवस दोघी बहिणींनी त्या घरी एकत्र काढायचे, एवढीच वहिनींची इच्छा. पण वहिनींना बस लागते. पहिल्या वळणालाच पोटात ढवळायला लागतं. आणि ताईने खाटासुद्धा देऊन टाकल्या होत्या. म्हणून ही गाडी. वाटेत मनात येईल तिथे थांबायचं, आणि पोचल्यावर घराच्या मागच्या पायऱ्यांशी गाडी लावून आतच झोपायचं.

"उद्या कसं?" साहेब म्हणाले. "एकदा नजरेखालून घालतो. रविवारी निघू."

आता साहेबांची नजर म्हणजे काय चीज होती, ते सांगायला हवं. पंप बनवणाऱ्या कारखान्यात ते तपासणी खात्याचे प्रमुख होते. त्यांनी उभ्या आयुष्यात एकही पंप बनवला नव्हता, पण नापास इतके केले होते की कारखान्यामागे त्यांचा डोंगर झाला होता. त्यांच्याबरोबर निवृत्त झालेले तिघे मित्र त्याच खात्यातले. एकाला सगळे भिंग म्हणत, कारण त्याच्या खिशात ते कायम असे. दुसरा गेज, जो भाजीवाल्याकडची काकडीही मोजून घेई. तिसरे कानसेन. ते लोखंडी सळीचं एक टोक यंत्राला आणि दुसरं कानाला लावून आत काय दुखतंय ते सांगत. तिघांना बोलावणं गेलं. वास्तविक बोलावण्याची गरज नव्हती, गाडी आल्याची बातमी ऐकून ते निघालेच होते.

कानसेनांनी सळी लावली आणि डोळे मिटले.

"टक् येतोय," ते शेवटी म्हणाले.

"कुठे?" साहेबांनी विचारलं.

"बारीक आहे. पण आहे."

वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. त्याही वाकून ऐकू लागल्या. "मला नाही येत ऐकू."

"वहिनी, तुम्हाला ऐकू येईल तेव्हा उशीर झालेला असेल," कानसेन गंभीरपणे म्हणाले.

झालं. टक् शोधायचा म्हणजे झाकण उघडायला हवं. झाकण उघडलं की आतलं दिसतं, आणि आतलं दिसलं की या चौघांना राहवत नाही. दुपारपर्यंत निम्मं इंजिन वहिनींच्या धुतलेल्या चादरींवर मांडून झालं होतं. भिंग एकेक भाग डोळ्याशी नेत होता, गेज मोजत होता, आणि साहेब लाल खडूने फुली मारत होते. त्यांच्या चेहऱ्यावर कारखाना सोडल्यापासून कधी न दिसलेलं तेज होतं.

"हा बोल्ट गेला," गेज म्हणाला. "झिजलाय."

"इतकी वर्षं चालला की तो," वहिनी म्हणाल्या.

"चालला, हे खरं. पण चालायला नको होता."

वहिनींनी कपबशा उचलल्या आणि आत जाऊन ताईला फोन केला. "रविवारी निघतोय गं. किरकोळ काम आहे."

पुढच्या रविवारी किरकोळ काम मागच्या भागापर्यंत पोचलं. फुली पडलेल्या भागांच्या जागी नवे आणावेत, म्हणून चौघे सुट्या भागांच्या दुकानात गेले होते. तिथे त्यांनी काउंटरवर नवीन माल मांडून घेतला आणि तोही नापास केला.

"काका, सीलबंद माल आहे हा. थेट कंपनीचा," दुकानदार काकुळतीला आला.

"तेच तर दुःख आहे," भिंग म्हणाला आणि त्याने एक चकती उजेडाकडे धरली.

तेव्हापासून हे चौघे रस्त्याच्या कोपऱ्यावर दिसले की दुकानदार शटर खाली ओढून जेवायला जाऊ लागला, मग वेळ कुठलीही असो. नवे भाग मिळेनात आणि जुने फुली खाऊन बसलेले. रिकाम्या हातांना काहीतरी काम हवं, म्हणून त्यांनी पाण्याची टाकी उतरवली. ओट्याखालच्या नळ्या काढल्या. दारं काढली. हळूहळू गाडी घरात शिरली. जेवणाच्या टेबलावर इंजिनाचं काळीज, बाथरूमच्या बादलीत चेन, डाळीच्या बरण्यांत नट आणि चकत्या. साहेबांच्या पलंगाखाली सायलेन्सर झोपू लागला. पाहुणा आला तर त्याला बसायला ड्रायव्हरची सीट देत. अंगणात उरली ती नुसती पत्र्याची खोली, दोन फळ्या आणि पडद्यांच्या दांड्या.

"बघून झालं ना सगळं?" वहिनींनी एका सकाळी विचारलं. "आता जोडा."

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग भिंगाने भिंग पुसायला काढलं, गेजने खिसे चाचपले, आणि कानसेनांना ऐकू आलं नाही.

खरी मेख इथे होती. कारखान्यात उघडून बघणं हे यांचं खातं. जोडणं दुसऱ्याचं. आयुष्यभर त्यांनी पंप उघडला, नाक मुरडलं आणि ट्रेमध्ये टाकून पलीकडे पाठवला. पलीकडून तो जोडून परत येई, कसा ते विचारायची कधी वेळच आली नव्हती. तरी त्यांनी प्रयत्न केला, खोटं कशाला बोला. दोन रविवार घाम गाळून इंजिन जोडलंही. जोडून झाल्यावर मूठभर भाग शिल्लक राहिले.

"जास्तीचे असतील," कानसेन म्हणाले.

"जास्तीचे कोण घालतं?" साहेब चिडले. "उघडा परत."

उन्हाळा उतरणीला लागला. ताईचा फोन आला की वहिनी आतल्या खोलीत जाऊन बोलत. आधी त्या 'या रविवारी' म्हणत, मग 'पुढच्या रविवारी', आणि मग वाराचं नाव घेणंच त्यांनी सोडून दिलं. एकदा त्या म्हणाल्या, "आपण भाड्याची गाडी करू या का? त्याला सांगू हळू चालव म्हणून. झोपायचं काय, सतरंजी नेऊ."

"दारात आपली गाडी असताना भाड्याची?" साहेबांना ते लागलं. "लोक काय म्हणतील? आठवड्यात उभी करतो की नाही बघ."

"उभीच आहे ती," वहिनी म्हणाल्या.

त्या दिवशी साहेबांनी हो म्हणायला हवं होतं. हे त्यांना नंतर कळलं आणि कळून काही उपयोग नव्हता. नाही म्हणायला आपल्याला असा कितीसा वेळ लागतो? जीभ हलवली की झालं.

एका संध्याकाळी वहिनी फोन ठेवून स्वयंपाकघरात आल्या. टेबलावरचा पिस्टन बाजूला सारून त्यांनी साहेबांचं ताट मांडलं.

"दिल्या किल्ल्या तिने," त्या म्हणाल्या. "मुलाकडे जायच्या आधी आठवडाभर इकडे येतेय."

बस, एवढंच. त्या भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत, ताटात भाजीही नेहमीएवढीच वाढली. त्या भांडल्या असत्या तर साहेबांना बरं वाटलं असतं, भांडणात निदान उत्तर देता येतं. आयुष्यात हजारो पंपांतल्या चुका काढणाऱ्या माणसाला आपली चूक भल्यामोठ्या लोखंडासारखी घरभर पसरलेली दिसत होती.

दुसऱ्या दिवशी ते जोडणी खात्याच्या निवृत्त प्रमुखांच्या दारात उभे राहिले. या गृहस्थांना खटपटे म्हणत. साहेबांनी त्यांचं काम उभ्या नोकरीत इतक्या वेळा परत पाठवलं होतं की दोघांनी एकमेकांना निरोपसमारंभातही नमस्कार केला नव्हता.

"या, या," खटपटे दारातच म्हणाले. "माझं काही नापास करायचं राहिलं होतं का?"

"गाडी जोडायची आहे," साहेब खाली बघत म्हणाले. "बायकोसाठी."

"उघडली कोणी?"

"आम्हीच."

खटपट्यांना इतका आनंद झाला की त्यांनी घरातल्या सगळ्यांना हाका मारून साहेबांना ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. साहेबांनी म्हटलं. मग खटपट्यांनी अट घातली. ते काम करतील, पण तेवढा वेळ चौघांनी घरात, दार लावून बसायचं, आणि खिडकीतूनही बघायचं नाही.

ताई आली तेव्हा काम नुकतंच सुरू झालं होतं. घरात तिला बसवायला जागा नव्हती. सोफ्यावर गिअर, खुर्च्यांवर दारं, आणि भरीला कोंडून घातलेले चार तपासनीस. अख्ख्या घरादारात रिकामी अशी एकच जागा होती, ती म्हणजे गाडी. वहिनींनी फळीवर चादर घातली, दांड्यांना जुन्या साड्यांचे पडदे लावले आणि दोघी बहिणी तिथे जाऊन बसल्या. पुढे खटपट्यांची ठोकाठोक, मागे यांच्या गप्पा. जेवायला काय त्या आत येत, तेवढंच. रात्री झोपायलाही तिथेच.

खटपटे रोज येत, मोठ्याने स्वतःची स्तुती करत आणि घरातले भाग उचलून नेत. टेबल मोकळं झालं, सोफा मोकळा झाला, बरण्यांत पुन्हा डाळ आली. साहेबांना वाटलं, आता या दोघी आत येतील. त्या आल्या नाहीत. पत्र्याच्या आतून हसण्याचा आवाज येई. वहिनी इतक्या मोठ्याने हसतात, हे साहेबांना ठाऊक नव्हतं.

ताई निघायच्या आदल्या दिवशी खटपट्यांनी हात पुसले. "एकही भाग उरला नाही," ते खिडकीकडे तोंड करून ओरडले. आतून चौघांनी माना डोलावल्या. कोणीही काही तपासायला मागितलं नाही.

साहेबांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. घर गेलं तर गेलं, तळं तर कुठे जात नाही. दोघींना आत्ताच्या आत्ता तिकडे न्यायचं, बाहेरून का होईना घर दाखवायचं, काठावर गाडी लावायची, संध्याकाळपर्यंत परत. वरातीमागून घोडं, हे त्यांनाही कळत होतं. पण घोडं निदान सजवून तरी आणावं. त्यांनी धुतलेला शर्ट घातला, पाण्याची टाकी भरली, खाऊचा डबा घेतला, आवाज न करता ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि किल्ली फिरवली.

गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. इतके महिने गप्प असलेलं इंजिन असं घुमू लागलं की साहेबांचे डोळे भरून आले. त्यांनी मागे वळून पाहिलं.

मागे दोघी बहिणी गुडघ्याला गुडघा लावून, चहाचे कप हातात धरून बसल्या होत्या. दोघींच्या कपाळावर आठ्या होत्या.

"अहो, बंद करा ते," वहिनी ओरडून म्हणाल्या. "ताईचं बोलणं ऐकू येत नाहीये."

"म्हटलं, तळ्यावर जाऊन येऊ," साहेबही ओरडून म्हणाले. "घर तरी बघू बाहेरून."

"कशाला?" ताई म्हणाली. "तिथे आता दुसऱ्यांचे पडदे आहेत."

"आणि आम्ही मागच्या पायरीपर्यंत पोचलो होतो आत्ता," वहिनी म्हणाल्या. "बंद करा हो. तुमचं झालं ना सगळं?"

साहेबांनी किल्ली उलटी फिरवली. इंजिन थांबलं आणि मागे ताईचा आवाज पुन्हा सुरू झाला. पायरीवर कोण बसायचं, कोणाला कोणी पाण्यात ढकललं, आई खिडकीतून काय ओरडली. साहेब ऐकत राहिले. त्यांना त्यातलं काहीच माहीत नव्हतं, आणि विचारायला आता फार उशीर झाला होता. उतरून घरात जावं असं त्यांना वाटलं, पण दार उघडलं असतं तर आवाज झाला असता, म्हणून ते डबा मांडीवर घेऊन तसेच बसून राहिले.