कालचा पत्ता, आजची फाईल

"कर्नलमधली चूक जेवणाआधी शोधून दाखवतो!" पंडितने सकाळी दहालाच जाहीर केलं. न विचारता सगळ्यांना शिकवायची खोड असल्यामुळे ऑफिसने त्याला हे नाव बहाल केलं होतं.

तिकिटांच्या यंत्राने काल चाचणीत मान टाकली होती. जाता जाता, ज्या सूचनेपाशी ते अडलं तिचा पत्ता मात्र पडद्यावर सोडून गेलं.

"ज्याची चूक, तो शनिवार-रविवार थांबून दुरुस्त करेल," साहेबांनी बजावलं.

कर्नल म्हणजे यंत्राच्या प्रणालीचा गाभा. तो निम्मा पंडितने लिहिलेला, निम्मा समोरच्या टेबलावर बसणाऱ्या त्याच्या बायकोने. तिची बॅग टेबलाखाली भरून तयार होती. सहा महिन्यांनी ती दोन दिवस माहेरी निघाली होती, चारच्या बसने.

पंडितने कर्नलच्या फाईलवर डिसअसेंब्लर चालवला. यंत्राच्या सूचना ओळीने उलगडल्या, प्रत्येकीपुढे तिचा पत्ता. त्याने पत्ता जुळवला आणि ताडकन उभा राहिला.

"सापडली! हिच्या फंक्शनमध्ये आहे, हिने लिहिलेल्या तुकड्यात!"

"नीट बघितलंस?" बायकोने विचारलं.

"पत्ता खोटं बोलत नाही. कामात मी नातं बघत नाही!"

"मग बाई, तुमची सुट्टी..." साहेब पुटपुटले.

तिचा चेहरा पडला. आईला कळवायला तिने मोबाईल उचलला, आणि मध्येच थांबली.

"ही फाईल कधीची रे?"

"एकदम ताजी! सकाळी तुझ्या फंक्शनमध्ये तपासाची एक ओळ घातली आणि कर्नलची फाईल नव्याने तयार केली."

"माझ्याच फंक्शनमध्ये?"

"अगं, सुरुवात कुठून तरी करायची ना!"

"आणि यंत्र बंद पडलं कधी?"

"काल," पंडित म्हणाला, आणि पुन्हा पडद्यावरच्या पत्त्याकडे बघू लागला.

रांगेत मध्येच कुणी घुसलं की मागच्या सगळ्यांचे नंबर सरकतात. त्याच्या एका ओळीने पुढच्या सगळ्या पत्त्यांचं तेच केलं होतं. कालचा पत्ता तो आजच्या फाईलमध्ये शोधत होता!

बायकोने कालची फाईल उलगडली, तोच पत्ता काढला आणि स्क्रीन त्याच्याकडे वळवला. काखेत कळसा नि गावाला वळसा! फंक्शन पंडितचं. मूळ कोडमध्ये त्यावर टीपही त्याचीच: 'इथे काही चुकूच शकत नाही.' त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चारच्या बसने ती गेली. पंडित दुरुस्तीला बसला, तो डबा उघडायचंही विसरला. सात वाजता सासूबाईंचा फोन आला.

"जावईबापू, चूक घरातच निघाली म्हणे! बरं, जेवलात का?"

"नाही अजून."

म्हणजे सकाळचा शब्द पंडितने तंतोतंत पाळला होता. चूक जेवणाआधीच सापडली होती.